ध्येय-वजन: ५२ हा आकडा आला कुठून?

आमच्या घरी फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला आहे. वर आईचं नाव, खाली उंची १५२, वजन ७४, आणि जाड पेनाने गोल केलेला आकडा: ५२. नौपाड्यातल्या एका आहारसल्ला केंद्राने हा कागद दिला. केंद्राचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका केंद्राचा नाही. गोखले रोडवरून स्टेशनकडे चालत गेलात तर असा कागद देणाऱ्या चार तरी पाट्या दिसतील. डोंबिवलीत, कल्याणात, पुण्यातही हेच.

आईने दहा महिने प्रामाणिकपणे केलं. सकाळी कचराळी तलावाला फेऱ्या, रात्रीचं जेवण साडेसातला, साखरेचा चहा बंद. वजन ७४ वरून ६८ झालं. एचबीए१सी ६.२ होतं ते ५.८ वर आलं. आणि अकराव्या महिन्यात तिने सगळं सोडून दिलं. का, तर "सहाच उतरलं गं, अजून सोळा बाकी. माझ्याच्याने नाही व्हायचं."

मी त्या दिवशी थोडी चिडले, आणि मग पीएचडी करणारी माणसं जे करतात तेच केलं: वाचायला बसले. हा लेख त्या वाचनातून आला आहे. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता सिनॉप्सिस लिहिताय, शोधनिबंध कसा वाचायचा ते शिकताय. तुमच्यासाठी हे प्रकरण फार उपयोगाचं आहे, कारण यात एक गाजलेला निबंध आहे, त्यावरून काढलेला एक चुकीचा निष्कर्ष आहे, आणि तो निष्कर्ष वीस वर्षांनंतरही पाठ्यपुस्तकी सल्ला म्हणून फिरतो आहे.

निबंध आहे गॅरी फॉस्टर, थॉमस वॅडन आणि सहकाऱ्यांचा, १९९७ सालचा. शीर्षकातच प्रश्न आहे: वाजवी वजन-घट म्हणजे किती? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या या मंडळींनी ६० लठ्ठ स्त्रियांना उपचार सुरू होण्याआधी गाठलं. सरासरी वजन ९९ किलोच्या आसपास. त्यांना 'तुमचं ध्येय-वजन किती' एवढंच विचारून ते थांबले नाहीत. आणखी चार वजनं विचारली. स्वप्नातलं वजन. ज्यावर आनंद होईल ते वजन. फार आनंद नाही, पण चालेल असं वजन. आणि ज्यावर थांबलो तर निराशा होईल असं वजन.

इथे जरा थांबा. पद्धतशास्त्राच्या दृष्टीने मला ही या निबंधातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. 'अपेक्षा' ही संकल्पना आपण एका आकड्यात पकडायला जातो आणि फसतो. माणसाच्या डोक्यात एक आकडा नसतो, उतरंड असते. फॉस्टर आणि मंडळींनी ती उतरंडच मोजली. तुम्ही उद्या 'विद्यार्थ्यांच्या करिअरविषयक अपेक्षा' असा विषय घेऊन प्रश्नावली बनवाल तेव्हा 'तुम्हाला किती पगार अपेक्षित आहे' हा एकच प्रश्न टाकू नका. किती मिळाला तर नाचाल, किती मिळाला तर चालेल, आणि किती मिळाला तर घरी सांगायची लाज वाटेल, हे तिन्ही वेगळे आकडे असतात.

आता निकाल बघा. या स्त्रियांचं ध्येय सरासरी ३२ टक्के वजन कमी करण्याचं होतं. २५ किलो उतरलं तर 'चालेल'. १७ किलो उतरलं तर 'निराशा'. मग ४८ आठवड्यांचा उपचार झाला आणि प्रत्यक्षात सरासरी १६ किलो उतरलं. वैद्यकीय मोजमापाने हे यश दणदणीत आहे, कारण मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं तरी रक्तदाब, साखर सुधारते असं तेव्हाही माहीत होतं. पण ४७ टक्के स्त्रिया त्यांच्या स्वतःच्या 'निराशेच्या' वजनापर्यंतही पोहोचल्या नव्हत्या. दणदणीत यश मिळालेल्या गटातल्या जवळजवळ निम्म्या बायका स्वतःच्या मोजपट्टीवर नापास.

आईचा कागद आठवा. ७४ वरून ५२ म्हणजे २२ किलो, जवळजवळ ३० टक्के. फिलाडेल्फियातल्या बायकांनी स्वतः जे ध्येय ठरवलं होतं, साधारण तेच नौपाड्यात आईला छापील मिळालं होतं.

फॉस्टरच्या निबंधाचं मोल इथपर्यंत. त्याने एक दरी दाखवली: लोकांना काय हवं असतं आणि उपचार काय देऊ शकतो. पण वाचणाऱ्यांनी लगेच पुढची पायरी गाठली. दरी आहे, म्हणून निराशा होणार. निराशा झाली, म्हणून माणूस सोडून देणार. म्हणून ध्येय लहान ठेवा. किती सहज पटतं ना! मलाही पटलं. माझ्या घरातच उदाहरण होतं.

पण त्या निबंधात या साखळीचा पुरावा नाही. परत वाचा: मोठं ध्येय ठेवणाऱ्यांचं वजन कमी उतरलं, किंवा छोटं ध्येय ठेवणाऱ्या टिकल्या, हे दाखवण्यासाठी त्या अभ्यासाची रचनाच नव्हती. साठ स्त्रिया, एक दवाखाना, वेगवेगळी ध्येयं देऊन केलेली तुलना नाही. वर्णन करणाऱ्या अभ्यासातून कारण काढणं हा आपल्या सगळ्यांचा आवडता गुन्हा आहे. व्हायवामध्ये परीक्षक बरोब्बर इथेच पकडतात.

पुढच्या वर्षांत लोकांनी ही साखळी तपासली. एक साधा प्रयोग एम्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये छापला (हे आडनाव आहे हं, दिल्लीचं एम्स नव्हे). एका गटाच्या अपेक्षा मुद्दाम खाली आणायच्या, दुसऱ्याच्या नाही. लहानसा, चाचणीवजा अभ्यास. अपेक्षा खाली आल्या, वजनात मात्र काही फरक पडला नाही. २०१३ मध्ये ड्युरंट आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून बघितले: सुरुवातीचं ध्येय माफक असलं म्हणून निकाल चांगला येतो, याला आधार नाही. त्याच वर्षी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये कसाझा आणि सहकाऱ्यांचा लठ्ठपणाविषयीच्या गैरसमजांवरचा लेख आला. त्यांच्या 'मिथकां'च्या यादीत दुसऱ्याच क्रमांकावर आहे: ध्येय वास्तववादी हवं, नाहीतर माणूस खचतो आणि कमी वजन उतरवतो.

(त्या लेखाच्या शेवटी लेखकांच्या हितसंबंधांची यादी आहे. ती जरूर वाचा. खाद्य आणि औषध कंपन्यांची नावं भरपूर आहेत. त्यामुळे लेख खोटा ठरत नाही, पण कोणत्या गोष्टीला 'मिथक' म्हटलं आणि कोणत्या नाही, हे वाचताना डोळे उघडे ठेवायला हरकत नाही.)

म्हणजे मग आईला दिलेलं ५२ ठीकच होतं? मीही इथे अडकले होते. एकीकडे पुरावा सांगतो की मोठ्या ध्येयाने बिघडत नाही. दुसरीकडे माझ्या डोळ्यांसमोर एक बाई मोठ्या ध्येयापायी सोडून देते. अशा वेळी आपल्याला दोन मोह होतात. एक, 'माझ्या आईचा अनुभव' हाच पुरावा मानायचा. दुसरा, 'एन बरोबर एक' म्हणून तो अनुभव कचऱ्यात टाकायचा. दोन्ही आळशीपणाच आहेत. खरं काम असतं ते दोघांची मोजपट्टी एकच आहे का ते बघायचं.

ती एक नाही. ड्युरंट, कसाझा ज्याबद्दल बोलतात तो निकाल म्हणजे किती वजन उतरलं. आता इटलीतला डाल्ले ग्रावे आणि सहकाऱ्यांचा २००५ चा अभ्यास बघा. २३ वैद्यकीय केंद्रं, १,७८५ रुग्ण. त्यांनी विचारलं, वर्षभरात किती जण उपचार सोडून गेले? निम्म्याहून जास्त गेले. आणि ज्यांची अपेक्षा मोठी होती त्यांच्यात सोडून जाण्याची शक्यता जास्त होती. इथे मोजलेली गोष्ट किलो नाही, गळती आहे.

दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. जे टिकतात त्यांच्यातल्या काहींना मोठं ध्येय ढकलत असेल, आणि काहींना तेच ध्येय दाराबाहेर काढत असेल. शेवटच्या दिवशी वजनकाट्यावर कोण उभं आहे यावर सरासरी ठरते, जे आलेच नाहीत त्यांचं वजन कोण करणार? गळालेल्यांचं गणित कसं केलंय हे प्रत्येक निबंधात शोधा. मी तर हल्ली गोषवारा वाचून झाला की आधी तेच शोधते. अर्थात इटलीचा अभ्यासही निरीक्षणात्मक आहे. मोठी अपेक्षा ठेवणारी माणसं आणखी कुठल्या तरी कारणाने गळत असतील, हे दार उघडंच राहतं.

आता मूळ प्रश्न. ५२ हा आकडा आला कुठून? मी केंद्रात फोन करून विचारलं. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, हाइट मायनस हंड्रेड. स्टँडर्ड आहे."

हे स्टँडर्ड पॉल ब्रोका या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शल्यविशारदाच्या नावाने ओळखलं जातं. सेंटिमीटरमधल्या उंचीतून शंभर वजा करायचे, झालं. पुढे अमेरिकेत मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने १९४० च्या दशकात 'आदर्श' वजनांचे तक्ते काढले, १९५९ मध्ये 'इष्ट' वजनांचे. ते आले विमा उतरवलेल्या लोकांच्या नोंदींतून, म्हणजे ज्यांना विमा परवडत होता अशा अमेरिकनांच्या. मग बीएमआय. सूत्र बेल्जियमच्या केटलेचं, एकोणिसाव्या शतकातलं. तो खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होता, त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, रुग्ण तपासायचे नव्हते. बॉडी मास इंडेक्स हे नाव अँसेल कीज आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दिलं, सात हजारांहून जास्त निरोगी माणसांच्या मोजमापांवरून. सगळे पुरुष. माझी आई यातल्या एकाही तक्त्यात बसलेली नाही.

आपल्याकडे पट्टी सरकवली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे जादा टप्पे सुचवले, जगभरचे २५ आणि ३० तसेच ठेवून. २००९ च्या भारतीय सहमती-निवेदनाने २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा असं धरलं. आईच्या उंचीला २३ म्हणजे ५३ किलो. बघा, ब्रोकाच्या ५२ च्या शेजारीच. त्या मुलीने हा योगायोग मला पुरावा म्हणून सांगितला असता तर मी गप्प बसले असते. पण २३ ही धोका कुठून वाढू लागतो हे सांगणारी रेषा आहे. ३२ बीएमआय असलेल्या साठीच्या बाईने तिथे परत पोहोचलंच पाहिजे, असं ती रेषा सांगत नाही. लोकसंख्येसाठी आखलेली रेषा एका माणसाचं ध्येय होऊन बसते, तेव्हा तिचं काम बदलतं आणि पुरावा मात्र तोच राहतो. 'कट-ऑफ' आणि 'टार्गेट' यांतला हा फरक तुमच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आणि मुळात किलो मोजून काय कळतं? यावर पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं एक पान आहे, द लॅन्सेटमध्ये २००४ साली आलेलं. एक फोटो: याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी-शेजारी. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. दोघांच्याही आडनावाचं इंग्रजी आद्याक्षर 'वाय', म्हणून 'वाय-वाय विरोधाभास'. शोधनिबंधात विनोद करायला बंदी नसते, हेही शिकून घ्या. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांत आई-बाळांचा जो दीर्घ अभ्यास १९९३ पासून चालवला, त्यात तर जन्मतःच हे दिसलं: बाळं सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनच्या ३.५ किलोच्या बाळांपेक्षा कितीतरी हडकुळी, पण चरबी त्या मानाने राखलेली. सडपातळ दिसणारा, आतून चरबीचा माणूस. अशा शरीराला 'ध्येय-वजन' देताना आपण नेमकं कशाचं ध्येय देतोय?

या प्रश्नाला मला सर्वात चोख वाटणारं उत्तर दोन चाचण्या शेजारी ठेवल्यावर मिळतं. पहिली अमेरिकेतली मधुमेह-प्रतिबंध चाचणी, २००२. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची ३,२३४ माणसं. जीवनशैलीच्या गटाला ध्येय दिलं ७ टक्के वजन कमी करण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचालीचं. निकाल: मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी. आता यातला कमी वाचला जाणारा भाग. २४ आठवड्यांनी निम्म्या लोकांनी ७ टक्के गाठलं होतं, शेवटच्या भेटीपर्यंत ३८ टक्केच उरले होते. म्हणजे बहुतेक जण ध्येयाच्या अलीकडेच, आणि गट म्हणून फायदा तरी एवढा. नंतरच्या विश्लेषणात दिसलं की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे धोका १६ टक्क्यांनी घटत होता. म्हणजे ही गोष्ट शेवटचं स्टेशन गाठलं तरच उपयोग अशी नाही, वाटेतल्या प्रत्येक स्टेशनवर काहीतरी हातात पडतं.

दुसरी चाचणी आपली, चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांची, २००६. ५३१ भारतीय, तसेच उंबरठ्यावरचे. तीन वर्षांत काहीच न केलेल्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, जीवनशैली बदललेल्या गटात ३९.३ टक्क्यांना. सापेक्ष घट २८.५ टक्के. आणि या जीवनशैली गटाचं वजन? जवळपास होतं तिथेच होतं. वजनकाट्याला काही कळलंच नाही, पण मधुमेह मात्र कमी झाला.

हे वाचून मी खुर्चीवरून उठून स्वयंपाकघरात गेले. आईचं वजन ७४ वरून ६८, म्हणजे ८.१ टक्के उतरलं होतं. ज्या चाचणीवर जगभरचे मधुमेह-प्रतिबंध कार्यक्रम उभे आहेत, तिचं ध्येय तिने ओलांडलं होतं. आणि फ्रिजवरचा कागद तिला सांगत होता की अजून सोळा बाकी.

तेव्हा त्या केंद्राच्या सल्ल्यावर माझा आक्षेप 'आकडा फार मोठा आहे' एवढा नाही. मोठ्या आकड्याने नुकसान होतं हे पुराव्याने सिद्ध नाही, हे वर कबूल केलंच आहे. आक्षेप असा की आकड्यामागचं कारणच कोणी सांगितलं नाही. ५२ झाल्यावर काय मिळणार होतं, आणि ते ६८ वर किती मिळून गेलं, हा हिशोब कागदावर कुठेच नव्हता. लॉक आणि लॅथम यांचा ध्येय-सिद्धांत तुमच्यातल्या मानसशास्त्राच्या आणि व्यवस्थापनाच्या मंडळींना पाठ असेल: ध्येय ठोस आणि अवघड असलं की कामगिरी सुधारते. पण तो उभा आहे कामावर, जिथे मेहनत केली की निकाल बऱ्यापैकी आपल्या हातात असतो. वजन तसं नसतं. केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की 'रोज ५०० कॅलरी कमी, आठवड्याला अर्धा किलो' हा सरळ रेषेचा हिशोब चुकतो. वजन उतरतं तसं शरीराचा खर्चही उतरतो आणि रेषा वाकत वाकत सपाट होते. त्या कागदावर खाली लिहिलं होतं, 'दरमहा २ किलो, ११ महिन्यांत ध्येय'. बावीस भागिले दोन. चौथीतलं गणित.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळा जेवणाच्या योजनेवरचा वाद इथे नको, पण एक गोष्ट नोंदवते. ५५ मिनिटांत जेवण संपवा, ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला, ही ध्येयं कृतीची आहेत. संध्याकाळी ती झाली की नाही हे तुम्हाला नक्की सांगता येतं. ६७.४ की ६७.९ यावर दिवस खराब होत नाही.

मग मी एक आगाऊपणा केला. फॉस्टरचे चार प्रश्न मराठीत करून आईला विचारले. भाषांतर करतानाच लक्षात आलं की 'ड्रीम वेट'ला आपल्याकडे वेगळं नाव आहे. तिने क्षणभरही विचार न करता सांगितलं, "लग्नातलं. अठ्ठेचाळीस." आनंद होईल असं? "कागदावरचं, बावन्न." चालेल असं? "साठ." आणि निराशा होईल असं? "आहे की आत्ताचं." तुमच्यापैकी कोणी या विषयावर काम करणार असेल तर ही प्रश्नावली मराठी घरांत आधी थोड्या लोकांवर करून बघा. 'लग्नातलं वजन' हे उत्तर किती वेळा येतं ते मोजण्यासारखं आहे, आणि अठ्ठेचाळीस किलोची ती तेवीस वर्षांची मुलगी खरंच निरोगी होती की अर्धपोटी, हा आणखी एक प्रश्न.

शेवटी मी पाचवा प्रश्न विचारला, जो प्रश्नावलीत नाही. बावन्न झाल्यावर काय करणार आहेस?

"काय करणार? कचराळीला जायचं बंद."

कागद अजून फ्रिजवरच आहे, तिने काढू दिला नाही. मी त्यावर पेन्सिलने दोन रकाने वाढवले आहेत, कमरेचा घेर आणि आठवड्यातल्या फेऱ्या. गेल्या सोमवारपासून फेऱ्यांच्या रकान्यात पाच खुणा पडल्या आहेत. घेराचा रकाना मात्र रिकामा आहे, कारण टेप शिवणाच्या डब्यात कुठे गेली ते सापडत नाही म्हणे.